बॅटरी घरात झोपायची

पौषात बाबा रात्री बॅटरी काढून आत आणायचे.
दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह,
आणि कडेवर मूल घ्यावं तशी ती बारा व्होल्टची काळी पोर
उंबरा ओलांडून, चपला न काढता.
मी आणि हेरंब एका रजाईत,
आमच्या पायांशी ती.
"लाथ लागू देऊ नका, पाणी सांडेल तिचं."
आम्ही तिच्या धाकात पाय आखडून झोपायचो.

बाहेर कंपूच्या उतारावर मॅटाडोर,
तोंड खाली, चाकाला दगड.
उतार बघूनच ते घर भाड्याने घेतलेलं;
आईला अजून वाटतं, वारा बघून.

ग्वाल्हेरचं ते धुकं :
वर किल्ला आहे, हे नुसतं मानून चालायचं.
नळाच्या पाण्याला दात फुटलेले,
टाकीतल्या डिझेलने तुपासारखी कणी धरलेली.
हिच्यात ठिणगी नसते, बाबा सांगायचे,
ही पेट्रोलसारखी चिडकी जात नव्हे.
हवा दाबत न्यायची, ती तापते,
मग डिझेल आपणहून पेटतं.
पण लोखंडच बर्फ झालं
तर दाबून दाबून किती दाबणार?

साडेतीनला छापखान्याच्या दारात पोचायचं.
गठ्ठे भिंडचे, दतियाचे, डबऱ्याचे.

तीनला आई स्टोव्ह पेटवायची.
पहिलं पातेलं इंजिनाला, दुसरं चहाला.
पंपावर, नळ्यांवर ती हळू धार सोडायची,
न्हाणीत पोराच्या डोळ्यांत जाऊ नये तशी,
हाताचा आडोसा धरून.
सगीर एअर फिल्टरचं झाकण काढून
कालच्या पेपराची मशाल तोंडाशी धरायचा.
इंजिन श्वास ओढायचं
आणि आत जायचं एक उद्घाटन, दोन बदल्या,
मुरारची हरवलेली म्हैस,
सगळं नुसती ऊब होऊन.

बाबा किल्ली अर्धी फिरवायचे.
डॅशबोर्डवर जाळीआड एक तार :
आधी काहीच नाही, मग तांबूस, मग लाल.
तीस मोजायचे. मोठ्याने.
घाई केली तर बॅटरी जाते,
उशीर केला तरी बॅटरीच जाते.
सव्वीस. सत्तावीस.

मग खोकला.
घर्र्, घर्र्, आणि गप्प.
"चाचा, धक्का?" सगीर विचारायचा, विचारायचं म्हणून.
तोवर कानटोप्या घालून गल्ली बाहेर आलेलीच असायची :
पहाटेची मेल गाठणारे सुर्वे,
शाल खांद्यावरून काढून ठेवणारे खिरवडकर मास्तर,
कॅन भिंतीशी टेकवून दूधवाला माखन.
गजराचं घड्याळ त्या गल्लीत कुणी घेतलंच नव्हतं.
दगड निघाला की उतार कामाला लागायचा.
दुसरा गिअर, क्लच सोडला,
एक हिसका, पांढरा धूर,
माणसं दिसेनाशी
आणि धुरात कोणीतरी हसतंय.

एका संक्रांतीच्या आठवड्यात
बाबांनी चारही हीटर प्लग नवे टाकले. उधारीवर.
पहाटे गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली.
बाबा इतके गडबडले
की गाडी चालू असताना तीसच्या पुढे मोजत राहिले.
बत्तीस. तेहतीस.
मग गेले.

त्या दिवशी सुर्व्यांची मेल चुकली.
दूध आलं आठ वाजता.
मास्तरांचा वर्ग मास्तरांशिवाय भरला आणि सुटला.
संध्याकाळी तिघंही दारात :
"वहिनी, आधी सांगून तरी ठेवायचं."
आईने तिघांना गजक दिला.
बाबा मान खाली घालून पाना पुसत बसले,
स्वच्छ होता तो.

दुसऱ्या पहाटेपासून
गाडी सुरू झाली तरी
उताराच्या टोकाशी थांबून दोनदा हॉर्न.

ती रजाई माझ्याकडे आहे.
पायाकडे ॲसिडने पडलेलं भोक, आठ आण्याएवढं,
आईने दोनदा ठिगळ लावलं, दोनदा विरलं.
थंडी वाढली की झोपेत माझा अंगठा
शोधत शोधत तिथे जातो.
बाकी पाय
मी अजून आखडूनच झोपते.