वर बर्फ, खाली

इलोमान्त्सीच्या दवाखान्यात सकाळी सातला
माझ्या टेबलावर पहिला दंड टेकतो तो ओइवा पुरोनेनचा.
बाहेर उणे एकवीस. शर्टाला अजून डिझेलचा वास,
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी.

कोलेस्टेरॉल त्याचं आता तिशीतल्या माणसासारखं.
लोणी सोडलं, सिगारेट सोडली,
राईची भाकरी कोरडीच चावतो, चिडून.
बाप एक्केचाळिसाव्या वर्षी लाकडं फोडता फोडता
कुऱ्हाडीवरच वाकला होता. थोरला भाऊ सॉनाच्या पायरीवर.
म्हणून हा येतो शिस्तीत, बाही आधीच वर करून.

पण सीआरपी सहा पूर्णांक दोन.
सर्दीबिर्दी असेल, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा काढलं:
पाच पूर्णांक नऊ.
डॉक्टरीणबाई कागदावर रक्तवाहिनी काढून समजावू लागल्या,
शरीरात कुठे जळत असलं की यकृत हे प्रथिन सोडतं;
हा नुसता धूर, ओइवा.
आग कुठे आहे ते धूर सांगत नाही.

तो हसला. अडतीस वर्षं
दलदलीतली काळी माती उकरायचं यंत्र चालवलं त्यानं,
जुन्या शेवाळाची ती माती, शहराच्या वीजघरात जळणारी.
"तिला रानात आग लागली ना, तर ज्वाळा दिसत नाहीत.
वर बर्फ पडतो, कोल्हे पावलं उमटवून जातात,
आणि खाली हातभर खोल ती धुमसत राहते वसंतापर्यंत.
मग एके दिवशी उभा पाइन आडवा होतो,
वारा नसताना. मुळंच उरलेली नसतात."
"मग शोधायचात कशी?"
"हातमोजा काढून. गुडघ्यांवर बसून. तळहात टेकत टेकत."

तसेच गेलो आम्ही.
हिरड्या (एक सडकी दाढ सापडली).
गुडघा. पोटाचा घेर. झोप.
आणि बायको गेल्यापासूनच्या रात्री.
इथे तो म्हणाला, ती जमीन मला माहीत आहे,
तिथे खणू नका.

दाढ काढली. गोळी सुरू झाली.
एप्रिलमध्ये आकडा तीनच्या खाली उतरला.
कशानं उतरला, ते छातीवर हात ठेवून
कुणीच सांगेना.

कापूस दोन मिनिटं दाबून धरा, सांगते मी सगळ्यांना.
ओइवा पाच धरतो.
संध्याकाळी यंत्र धुऊन झाल्यावर
रॅकमध्ये एक नळी उरते. तिच्यावर चिठ्ठी माझ्याच नावाची,
हिल्क्का, वय बावन्न. आत काही नाही.
बाही वर करते.
खाली करते.