दोनशे बार

संकेश्वरच्या अलीकडं, हायवेच्या डाव्या अंगाला
पत्र्यावर मीच रंगवलंय: पंक्चर, हवा, नायट्रोजन.
खाली तेच कन्नडात, शेजारच्या बोर्ड रंगवणाऱ्या पोराकडून.
ट्रकला एकशेदहा, मोटरसायकलला तीस.
काटा बघायचा, नळी काढायची, पुढचा.

त्याआधी नऊ वर्षं मी दोनशे बार भरत होतो.
इथं असं म्हटलं की लोक हसतात,
त्यांना वाटतं निपाणी ते बेळगाव
दारूची दुकानं मोजत हिंडलो.

मालदीवची बोट. संध्याकाळी निघायची, रात्रभर पाण्यावर.
मागल्या अंगाला निळे दिवे बुडवून ठेवायचे.
उजेडाला बारीक जीव जमायचे,
आणि त्यांच्या मागं ती.
कॅम्पातल्या मासळी बाजारात कारवारची पाकट येते बघा,
शेपूट तोडलेली, बर्फावर उलथी,
तिची थोरली बहीण.
खळ्याएवढी, म्हणायचे.

म्हणायचे.
माझं काम कॉम्प्रेसरपाशी, इंजिनाच्या खोलीत,
कानात कापूस घालून.
पाहुण्यांच्या पाठीवर मी त्यांचाच पुढचा तास बांधायचो
आणि पट्टा ओढून बघायचो, दोनदा.
मला पोहता येतं ते विहिरीतलं:
चार हात, मग दगड.

वर आल्यावर कुणी पटकन बोलायचं नाही.
एक जपानी म्हातारा डेकवर बसून
ओल्या मोज्यांसकट रडला.
मी आल्याचा चहा दिला.
त्यानं खुणेनं विचारलं, तू तर रोज बघत असशील?
मी मान हलवली. रोज.

तीच मान घरी आल्यावर कस्तुरीपुढं हलली.
तिनं चित्र काढलं, माशाच्या पाठीवर मी, मिशीसकट.
सहावीच्या भिंतीवर लावलंय ते.
आता बाईंनी बोलावलंय शनिवारी,
वर्गात येऊन सांगा म्हणून.

म्हणून शुक्रवारी दुकान लवकर बंद केलं
आणि तिला घेऊन हिडकलच्या पाण्यावर आलो.
बसप्पा अंबिगेर रात्री जाळी टाकतो, पहाटे काढतो.
त्याच्या हरगोलात दोघांपुरती जागा निघाली.
"सुम्म कूडरी," म्हणाला, आणि विडी पेटवली.
हरगोल गरगरलं, मग थांबलं.

मी बॅटरी दोन पिशव्यांत गुंडाळून पाण्यात धरली.
आधी किडे. मग बोटाएवढ्या चिलापी,
तोंडं उघडून, जणू काही मागत.
"असंच करत होते काय तिथं?"
असंच. फक्त मोठं.
"आणि तू खाली?"

मी उत्तर जुळवत होतो, मान खाली घालून,
तेव्हा उजेडाच्या कडेनं
पाण्याच्या आतून काहीतरी वर आलं.
काळं, रुंद, दोन्ही बाजूंनी हळू हलणारं.
मी खालचीच आधी बघितली, शप्पथ.
वरची नंतर कळली:
काठावरच्या चिंचेतलं वटवाघूळ,
पाणी प्यायला उतरलेलं.
दोघी पोटाला पोट लागून फुटल्या.
एक वर्तुळ हरगोलापर्यंत आलं,
आमच्या कातड्याला टेकलं.

कस्तुरीनं माझी बाही पकडली होती.
मी म्हटलं, कस्तुरे, मी खाली कधी गेलो नाही.
एकदाही.
ती काही बोलली नाही.
बसप्पाला मराठी कळतं. तोही बोलला नाही.

मग तीन वटवाघळं आली, मग एकही नाही.
ती माझ्या मांडीवर झोपली
आणि मी बॅटरी धरून राहिलो, हात सुन्न होईस्तवर.
आतला उजेड आधी पिवळा, मग तांबडा, मग गेला.

पहाटे जाळ्यात चार किलो निघाले.
गाडीवर मागं बसून तिनं विचारलं,
"मग शनिवारी काय सांगणार?"
आजच शनिवार, म्हटलं.
दुकानापाशी थांबलो. तिच्या सायकलीचं मागचं चाक
दोन दिवस बसलेलं.
आधी हे बघू, म्हटलं, आणि नळी ओढली.
ती वाकून काटा बघत राहिली.