खिजगणती

फेऱ्या मोजायचं काम मला दिलं
कारण मला दुसरं काही येत नाही.
एकतीस वर्षं ओरूरोच्या कथिलाच्या खाणीत
तोंडावर बसून मी माणसं मोजली:
इतकी उतरली, इतकी वर आली.
एका रात्री एक कमी भरला.
मुकादम म्हणाला, रेघ चुकली असेल तुझी.
रेघ चुकली नव्हती.

तर दहा हजार मीटर. बायकांची राष्ट्रीय शर्यत.
पंचवीस फेऱ्या, चौदा जणी,
आणि समुद्र इतका खाली
की इथे श्वाससुद्धा उसना घ्यावा लागतो.
कोचाबाम्बाची मागाली उर्कीदी जिंकणार
हे बॅन्डवाल्यांनाही ठाऊक होतं,
तिच्या गावची धून त्यांनी आधीच बसवलेली.
एक्केचाळीस नंबर, सेनोबिया आयाविरी,
कुणाच्या खिजगणतीत नव्हती.
चायापाताहून मिठाच्या ट्रकवर बसून आलेली,
बूट भावाचे, पुढे लोकर कोंबलेली.
माझ्या तक्त्यात तिचं नाव छापलंच नव्हतं.
तळाशी पेन्सिलीने लिहिलं मी.

दहाव्या फेरीला गारा आल्या.
हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या.
पंच स्टँडखाली पळाले, निवेदकाचा माईक गेला,
ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेटं डोक्यावर धरली.
मुली कपाळ झाकून, एकमेकींच्या आडोशाने
दुडक्या चालीवर आल्या.
मी पोन्चो काढून तक्त्यावर पांघरला
आणि तसाच बसून राहिलो.
त्या पांढऱ्यातून
पावलांची एकच जोडी वेळेवर येत होती.
रेघ. पुन्हा रेघ.
पुन्हा.

आभाळ निवळलं तेव्हा लोकांनी पाहिलं:
पुढे मागाली, तिच्यामागे सगळ्या,
आणि सगळ्यांच्या मागे एक्केचाळीस.
"बिचारी," कुणीतरी म्हणालं.
टाळ्या पडल्या,
शेवटच्याला पडतात तशा.

मागाली रेषेवरून गेली.
मुख्य पंच ओरडले, "घंटा!"
मी दोरी धरून गप्प.
मागालीने जाता जाता वळून पाहिलं माझ्याकडे.
बाकीच्या गेल्या. मग एक्केचाळीस आली
आणि मी घंटा बडवली,
अपघात झाल्यावर खाणीत बडवायचो तशी.
अख्खं स्टेडियम हसलं.

फीत मागालीने तोडली.
केसांत रंगीत कागदाचे कपटे, गळ्यात हार, बॅन्ड सुरू.
एक्केचाळीस येऊन थांबली ती माझ्या टेबलापाशी.
"झाल्या?"
"झाल्या. पंचवीस."
तिने मान हलवली,
दुकानदाराने सुटे पैसे बरोबर दिल्यावर हलवावी तशी.

मुख्य पंच म्हणाले, रेघ चुकली असेल तुमची.
मी तक्ता पुढे केला. बघतं कोण?
मागालीने बघितला.
हार एका हाताने बाजूला धरून
बोट ठेवत ठेवत तिने सेनोबियाच्या रेघा मोजल्या,
मग आपल्या.
"गारांत कुणीतरी खांद्याला घासून गेलं," ती म्हणाली,
"मला वाटलं, वारा."
बराच वेळ काही बोलली नाही.
हार काढताना वेणी अडकली,
ती सोडवायला सेनोबियाच पुढे झाली.

"माझी एक राहिली आहे," मागाली म्हणाली
आणि धावायला लागली.
बॅन्ड एकेक वाद्य करत थांबला.
मग दुसरी निघाली, तिसरी, मग सगळ्याच,
वितळत्या गारांतून चपचप करत,
घाईला काही कारण उरलं नसताना.

मी पेन्सिलीला टोक काढलं.
सेनोबिया शेजारी उभी, माझा ओला पोन्चो पांघरून,
ओठांतल्या ओठांत मोजत.
चौदा सुटल्या होत्या.
चौदा आल्या.