मिसळीचा तांदूळ

शनिवारी संध्याकाळी मी सत्तावीस दारं फिरते.
टोपली पाठीवर, तिचा पट्टा कपाळावर, हातात वही,
मागून थांगछिंगपुईची नात, तिचं काम कुत्री हाकलणं.

आधणात तांदूळ पडण्याआधी एक मूठ बाजूला, देवाच्या डब्यात.
दिवसातून दोनदा. आजारपणात, भांडणाच्या दिवशीसुद्धा.
डबे तऱ्हेतऱ्हेचे: दूध पावडरचा, रंगाचा,
एका निवृत्त हवालदाराकडे तर काडतुसांचा.
मूठ कुणाची केवढी हे वहीत लिहायचं नाही,
हा नियम माझ्या सासूच्या वेळचा.
पण हाताला कळतं.
दुकानदार रोपुइयाची मूठ चिमटीएवढी,
आणि ह्रांगकिमी, जिच्याकडे रविवारीही कंदच शिजतात,
तिचा डबा मला दोन्ही हातांनी उचलावा लागतो.

चर्चच्या सभागृहात ताडपत्रीवर सगळं ओततो.
डोंगर-उतारावरचा लाल, रेशनचा पिवळट खडेवाला,
चिकट, आणि दुकानातला लांब दाण्याचा, गुळगुळीत.
एकदा मिसळला की कुणाचा कुठला
देवालाही निवडता यायचा नाही.
पाळकांसमोर मी असं बोलत नाही.

मग लिलाव.
खरं सांगते, मिसळीचा भात नीट होत नाही.
लाल दाणा टचटचीत राहतो तोवर रेशनचा पार लापशी.
म्हणून भाव बाजारापेक्षा सात रुपये कमी,
म्हणून पोतं उचलणारी ह्रांगकिमी,
किंवा वरच्या आळीतली ती आईवेगळी पोरं.
पैसे मात्र दूर जातात.
बिआकथिआंगा कंबोडियात आहे, खांबांवर उभ्या शाळेत.
त्याचं पत्र येतं: डास फार, मुलं पंचेचाळीस,
बाकांसाठी लाकूड घेतलं, पावती सोबत.
आणि आम्ही सभेत तासभर भांडतो,
आपल्या छपराला पत्रे आधी की त्याची बाकं आधी.

वहीला दोन रकाने. डावीकडे घर, उजवीकडे परदेश.
परदेश म्हणजे मला वाटायचं विमान,
आणि अशी भाषा, जी शिकायला
बिआकथिआंगालाही दोन वर्षं लागली.

मग तिआऊ नदीपलीकडे गोळीबार झाला.
उन्हाळ्यात नदी गुडघाभर. माणसं पायीच आली,
म्हाताऱ्या पाठुंगळीला, शिलाई मशीन डोक्यावर.
बोली आमच्यासारखीच, हेल तेवढा वेगळा.
सभागृहात त्यांची अंथरुणं पडली, ताडपत्री त्यांना दिली,
तांदूळ मोजायला आम्हाला ओटा उरला.
पत्र्यांचे पैसे औषधांत गेले.
रोपुइया त्यावर भांडला,
आणि रात्री मेणबत्त्यांची पेटीही त्यानेच पाठवली.

तिसऱ्या शनिवारी निघाले
तर सभागृहाच्या दारात एक बाई उभी. दॉत ह्नेम.
हातात आम्हीच दिलेला डबा,
डब्यात आम्हीच दिलेला तांदूळ,
सहा दिवसांच्या बारा मुठी.
म्हणाली, तिकडे रोज टाकायचे,
तो डबा घराबरोबर जळला.
मी नको म्हणायला तोंड उघडलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी चपला घालून तिच्या घरात शिरले.
मग तिने डबा टोपलीत उपडा केला.
आवाज इतर कुठल्याही डब्यासारखाच.

रात्री दिव्याजवळ वही उघडली.
डावा रकाना. उजवा रकाना.
पेन बराच वेळ मधल्या रेघेवर.
सासूने ती पट्टी न घेता मारलेली,
खाली येता येता कलंडली आहे.
शेवटी वरचं सत्तावीस खोडून अठ्ठावीस केलं,
आणि चुलीकडे वळले.
या खेपेला पोतं मीच घेतलं होतं.
एक मूठ बाजूला काढून उरलेला शिजत लावला.
अर्धा कच्चा, अर्धा गळलेला.
नवरा म्हणाला, मीठ कमी आहे.