हातचा

ताकुआरेम्बोच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
इर्मा बेतांकोर सकाळी सातपासून एका खुर्चीत बसून आहे.
मांडीवर वही. वहीत अजून काही नाही.

टेबलावर बासष्ट पानांची पुस्तिका,
राजधानीतून आलेली, गुळगुळीत कागदाची.
पहिली अकरा पानं मूत्रपिंडाच्या इतिहासाची.
लिहिणारा माणूस हुशार होता, यात शंका नाही.
तेवढं प्रत्येक पानावर कळतं.

नर्स नेलिदा रुग्णाच्या पोटातल्या नळीला
औषधाची पिशवी जोडते. बावीस वर्षं जोडतेय.
"सोपं आहे," म्हणते,
"हात धुवायचे, टोपण काढायचं, जोडायचं."
"पुढच्या रुग्णाला जोडशील तेव्हा पुन्हा दाखव," इर्मा म्हणते.
"आणि त्याच्या पुढच्याला. मी जरा मठ्ठ आहे."
हे म्हणताना ती लाजत नाही.
मठ्ठपणाचाच तिला पगार मिळतो.

सहाव्या रुग्णाच्या वेळी तिला दिसतं:
टोपण काढण्याआधी नेलिदा खिडकी लावते,
पंख्याचं बटण कोपरानं बंद करते
आणि जोडून होईपर्यंत श्वास घेत नाही.
"हे सांगितलं नाहीस."
"काय?"
"खिडकी."
"मी कुठे खिडकी लावली?"

लहानपणी बेरजेत असंच व्हायचं.
आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
बाई फळ्यावर पाच लिहायच्या,
एक त्यांच्या हातातच राहायचा,
आणि मागच्या बाकावरच्यांचं उत्तर
दर वेळी दहानं चुकायचं.

इर्मा वहीत पहिला शब्द लिहिते.
खिडकी.

शिकायचंय ते एउसेबिओ इदियार्तेला.
वय एकाहत्तर. पन्नास वर्षं मेंढ्यांची लोकर कातरली.
घर इथून साठ किलोमीटर, घरात एक मांजर.
वाचता येतं,
पण चष्मा हरवलाय आणि ते त्याला कबूल नाही.

"कातरायला कसे शिकलात?"
"मेंढ्या बिघडवून," तो हसतो, "पहिल्या वर्षी चाळीस."

इथे बिघडवायला पोट एकच.

त्या रात्री इर्मा स्वयंपाकघरातल्या जुन्या एप्रनला
रबरी नळीचा तुकडा शिवत बसली.
सकाळी त्याला म्हणाली, मेंढ्यांच्या पाठीवर खूण करता
तो निळा खडू आणा.
खडू कुटला, त्याच्या पंजांना चोळला,
एप्रन त्याच्या पोटावर बांधला. जोडा.

जिथे हात लागायला नको होता तिथे निळं.
नळीच्या टोकावर निळं. टोपणाच्या आत निळं.
मिशीवरही, ते कसं कोण जाणे.
कोणी रागावलं नाही. खडूच काय ते बोलत होता,
आणि खडूचं बोलणं मेंढ्यावाल्याला नवीन नाही.
सतराव्या दिवशी निळं फक्त बोटांवर राहिलं.

बासष्ट पानांचा एक कागद झाला.
मोठी चित्रं, अक्षरं थोडी, तीही अंगठ्याएवढी.
इतिहास गेला. इर्माचं नावही नाही कुठे.
राजधानीतून विचारणा आली, उरलेली पानं कुठे आहेत?
काय उत्तर द्यावं ते तिला सुचलं नाही.
पत्र अजून फायलीत आहे.

हिवाळ्यात ती त्याच्या घरी गेली.
शेजारची सातुर्निना टेबलापाशी बसलेली,
तिच्याही पोटात आता नळी,
आणि एउसेबिओ मास्तर झालेला.
मातेचा भोपळा बाजूला सारून तो म्हणाला,
"सोपं आहे. खिडकी लावायची, पंखा बंद,
हात धुवायचे, टोपण काढायचं,
श्वास धरायचा, जोडायचं."

आणि बोलता बोलता, खाली न बघता,
पायानं मांजराला दाराबाहेर सरकवलं.

इर्मानं पिशवीतून वही काढली.
"पुन्हा दाखवा," म्हणाली.
"मी जरा मठ्ठ आहे."