स्थिती: बरी

तळघरात, तिसऱ्या रॅकवर, खालून दुसऱ्या खणात
तो ट्रेमध्ये आडवा असतो.
आडवा, कारण उभा ठेवला तर शिंगं वरच्या फळीला लागतात.
उजव्या हातात सुरी, डाव्यात मुंडकं,
तळपायाला पांढऱ्या शाईत आकडा.
कार्डावर: फेटिश. लाकूड. नायजर नदीचा मुलूख.
कॅप्टनच्या विधवेकडून भेट, १९१२.
दर मार्चमध्ये मी त्याला मऊ ब्रश मारते,
वाळवी नाही अशी नोंद करते,
पुढे लिहिते, स्थिती: बरी.
अकरा वर्षं झाली लिव्हरपूलला.

ओक्वुदिली टॉक्स्टेथहून बसने आले.
लाल टोपी, ओला कोट, गुडघा धरलेला.
रजिस्टरमध्ये नाव लिहिताना मी अडखळले.
"तीनदा म्हणा," ते म्हणाले,
"दोनदा तुमच्यासारखं, तिसऱ्यांदा माझ्यासारखं."
म्हटलं.

ट्रे बघून त्यांनी विचारलं,
"झोपवलाय का? आजारी आहे?"
"जागा कमी आहे," मी म्हटलं.
यापेक्षा खोटं बोलले असते तर बरं दिसलं असतं.

"हा देव नाही," ते म्हणाले, "इकेंगा.
एका माणसाचा उजवा हात.
काय कमावलं, कुठे अडलं, तो रोज याला सांगायचा.
आमच्या गावात माणूस गेला
की त्याचा इकेंगा चिरून दोन करतात.
काम झालं, जा.
याला कुणी जा म्हणालंच नाही.
तुम्ही ब्रश मारत बसलात."

मला मिरजेची आत्या आठवली.
देवघरातला टाक झिजून नाक-डोळे गेले
की ती कृष्णेवर जाऊन तो सोडून यायची,
येताना बाजारातून मेथी आणायची.
झिजलेल्याला कुणी जपलं नाही आमच्याकडे.

त्यांनी रुमाल उघडला. आत कोलाचं फळ,
सुपारीहून मोठं, ओलसर, गुलाबी.
भांडारात खाद्यपदार्थ आणू नयेत:
नियम चौथा, लॅमिनेट मीच केलेला.

"मिशनच्या शाळेत," ते म्हणाले,
"घरची भाषा बोललं की गळ्यात पाटी अडकवायचे.
माझा बाप तीन वर्षं ती पाटी घालून जेवला.
नंतर इंग्रजी इतकी सुरेख बोलायला लागला
की आईला त्याचं बोलणं कळेना.
पण ओजी मोडताना मात्र,
समोर जिल्ह्याचा साहेब बसलेला असला तरी,
तो इग्बोतच बोलायचा.
ओजीला इंग्रजी कळत नाही."

मी दार लावून घेतलं.
ॲप्रन काढून, घडी करून जमिनीवर पसरला,
आणि त्याला उभा केला.

किती वेळ बोलले माहीत नाही.
मला एकही शब्द कळला नाही
आणि मी विचारला नाही.
मधेच मी मदतीला हात पुढे केला.
त्यांनी मान हलवली: बायका मोडत नाहीत.
मला ते आवडलं नाही. अजूनही नाही.
हात मागे घेतला.

ओजीच्या तीन फाका निघाल्या.
म्हातारा हसला, पहिल्यांदाच.
चार निघाल्या तर बाजाराचे चार वार,
तीन निघाल्या तर ती याचीच, याच्याच नावाची.
एक त्याच्यासमोर, एक त्यांना, एक मला.
कडू. कात-चुना न लावलेल्या पानासारखं तुरट,
मग बऱ्याच वेळानं, पाणी प्यायल्यावर, गोड.

"याला घरी न्यायचा अर्ज करा," मी म्हटलं,
"फॉर्म आहे."
"चार पाठवले," ते म्हणाले,
आणि कोटाची बटणं लावायला लागले.

ते गेल्यावर मी स्पॅनर आणला.
वरची चिनी भांडी उतरवली, नट सैल केले,
फळी दोन भोकं वर चढवली.
कार्डावरचा 'फेटिश' पेन्सिलीनं खोडला,
इथे पेन्सिलच चालते.
लिहिलं: इकेंगा. एका माणसाचा. नाव कुणी विचारलं नाही.

आता तो खणात उभा आहे,
शिंगं आणि फळी यांच्यात बोटभर अंतर.
'स्थिती'चा रकाना कोरा ठेवलाय.
फरशीवर ओजीचा चुरा आहे.
त्यानं किडे येतात, मला माहीत आहे.
झाडला नाही.