घूस की माणूस

हातिमभाईंच्या दुकानात, फोर्टमध्ये,
एकतीस वर्षं मी काचेच्या या बाजूला.
समोर मखमल, मखमलीवर लोखंड,
लोखंडाला दर मंगळवारी तेल.

ती आली दुपारी, शेठ नमाजाला गेले तेव्हा.
अंबाड्यात अबोली, पायांत रबरी सपाता.
हिरूबाई वैती. शिवडीला सुकटीचं गोडाऊन.
"उंदरांसाठी काय आहे?" मग स्वतःच म्हणाली,
"उंदीर कसले, घुशी. मांजर वाट सोडतं अशा.
वाकट्यांची पाटी रात्रीत अर्धी करतात."

मी बावीसचं काढलं. बारीक तोंडाचं, हलकं,
सावकाराच्या हडकुळ्या मुनिमासारखं.
"यानं घूस मरेल?"
नेम लागला तर.
"आणि माणूस?"
हे सगळेच विचारतात,
पण आधी हवापाण्याचं बोलतात.
मी बत्तीसचं काढलं.
विचारलं, बाई, नक्की काय, घूस की माणूस?
"दोन्ही एकाच फटीतून येतात," ती म्हणाली.
"घूस दार वाजवत नाही, एवढाच फरक.
दीर वाजवतो. नवरा गेल्यापासून
गोडाऊनची किल्ली मागतो. रात्रीची."

मी लायसन्सचा अर्ज पुढे केला.
त्यावर घुशीला रकाना नाही.
स्वसंरक्षण आहे, खेळ आहे, शेतीचं रक्षण आहे.
"शेतीचं लिहा."
शिवडीत शेत कुठलं, बाई?
तिनं खिडकीकडे मान वळवली, जिकडे धक्का असावा तिकडे.
"मग ते काय आहे? पेरतो आम्ही जाळी, कापतो बोंबील."
मी सांगितलं, पोलीस चौकशीला येतील, शेजाऱ्यांना विचारतील.
"म्हणजे दिरालाच विचारतील."
शिवाय निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचं,
पावती मिळते.
ती इतकी हसली की काच हादरली.
"आचारसंहिता घुशींना कोण वाचून दाखवणार?"

मग तिनं बत्तीसचं उचललं. वासही घेतला.
तळहातावर सरंग्यासारखं एकदा झुलवलं.
"पाऊण किलोला थोडं कमी."
मी काट्यावर ठेवलं. सातशे ग्रॅम.

"एक सांगा भाऊ. माझी जमीन सिमेंटची,
भिंत पत्र्याची, पलीकडे भावजयीचा पाळणा.
चुकलेली गोळी कुठे थांबते?"

एकतीस वर्षांत
किती लांब जाते, सगळ्यांनी विचारलं.
लष्करातून आलेल्यांनी, सराफांनी,
बायकोला न सांगता आलेल्या एका डॉक्टरनं.
कुठे थांबते, हे कुणीच नाही.
मी म्हटलं, पिंजरा घ्या. लोहार चाळीत चांगले मिळतात.
धंद्याला लाथ मारणारं वाक्य,
शेठ नसताना बोललेलं.
अर्ज घडी करून तिनं कनवटीला लावला
आणि गेली.

दोन महिन्यांनी पुन्हा आली. कागदात जवळा, माझ्यासाठी.
पिंजऱ्यात सात सापडल्या. अर्ज भरलेला नाही.
"विकत नको. ते बत्तीसचं जरा हातात द्या."
रिकामं आहे हे दोनदा तपासून मी दिलं.
ती उभी राहिली, हात खाली, बोटं चापापासून लांब,
डोळे मिटून, जसं एखादं माप लक्षात ठेवावं.
रस्त्यावर टॅक्सी भांडत होत्या.
बऱ्याच वेळानं तिनं ते मखमलीवर ठेवलं.
"पुरे. आता दार वाजलं
की हात एवढाच जड ठेवीन."
हातात काय असेल, हे मी विचारलं नाही.
कोळणीला कोयता कुणी शिकवायचा?

संध्याकाळी शेठ म्हणाले, पुसून ठेव रे.
मी पुसलं, तेल दिलं, परत पुसलं.
गुरुवारी एक बिल्डर आला, पांढऱ्या बुटांतला,
त्यानं तेच बत्तीसचं निवडलं, झोकात धरलं,
मग हळूच बोटं नाकाशी नेली
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी काच पुसत राहिलो.